देवळापासून दारापर्यंत

"डिस्क वापरायची असेल तर फॉरमॅट करावी लागेल, करू का," असं कॉम्प्युटरनं इंग्रजीत विचारलं आणि भीमाशंकरनं 'हो' दाबलं. खुर्चीत मागं रेलून त्यानं सुपारी कातरली. निलंग्याच्या बसस्टँडमागं 'सृष्टी म्युझिक अँड मोबाईल' चालवणाऱ्या माणसाला फॉरमॅटचं काय भय? तालुक्यातल्या कितीतरी लग्नांचे फोटो "गेले, गेले" म्हणत आलेल्या लोकांना त्यानं परत काढून दिले होते. हार्ड डिस्कवरचं खोडलं म्हणून जात नसतं. पाटीवरचं नाव तेवढं पुसलं जातं, माल खोलीत तसाच असतो, हे तो गिऱ्हाइकाला बाकड्यावर बसवून, चहा पाजून समजावायचा.

मग त्यानं पुसलेलं परत काढायचं सॉफ्टवेअर लावलं. ते थोडंच फिरलं आणि म्हणालं, काही नाही. त्यानं दुसरं लावलं. तेही म्हणालं, काही नाही. आत डोकावून बघितलं तर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती शून्यं. खोलीत माल नव्हता, केर नव्हता, झाडू मारल्याची खूणसुद्धा नव्हती. सुपारी तोंडातच राहिली.

आता, इतक्या जाणत्या माणसाच्या हातून हे झालं कसं, ते सांगायला जरा मागं जावं लागेल.

भीमाशंकरचा धंदा गाणी भरून द्यायचा. फोनवर फुकट गाणी ऐकायच्या दिवसांत हा धंदा कसा टिकला असं लातूरकडचे लोक विचारतात. त्यांनी उसाच्या सीझनमध्ये निलंग्याच्या रस्त्यावर उभं राहून बघावं. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरला ब्रेक एक वेळ नसेल, पण स्पीकर असतोच. त्या स्पीकरला पेनड्राइव्ह लागतो, ड्रायव्हरलोक त्याला नुसतं 'पेन' म्हणतात. धूळ, हादरे आणि उसाचा रस यांत ते पेन सीझनभर कसंबसं तगतं, मग नवं. शिवाय देवळांचे भोंगे, भजनी मंडळं, वरातीच्या गाड्या, आणि सीमेवरच्या गावांतून कानडी गाणी मागायला येणारी म्हातारी माणसं.

या धंद्यात भीमाशंकरचा अभिमान एकाच गोष्टीचा होता, मांडणीचा. तरुणपणी नांदेडला कॉम्प्युटरच्या क्लासला असताना मास्तरांनी फळ्यावर एक वर्तुळ काढलं होतं. ही तबकडी, गरगर फिरते. ही सुई, तबकडीवरचं वाचते. गाणी विस्कटून पडली असली की सुई इकडून तिकडं पळत सुटते आणि सगळा वेळ त्या पळापळीत जातो. एकमेकांशेजारी बसवली की सुईला पळावं लागत नाही. बाकीचा क्लास भीमाशंकर विसरला, ते वर्तुळ राहिलं. त्यानं उसाची गाणी एकीकडं बसवली, भजनं एकीकडं, कानडी एकीकडं, वरातीची एकीकडं. तबकडीच्या बाहेरच्या कडेला वाचायचा वेग जास्त, म्हणून लई मागणीचा माल तिथं. दर अमावस्येला, लोक नवी वस्तू घ्यायचं टाळतात आणि दुकानात माशा असतात त्या दिवशी, तो कॉम्प्युटरच्या डब्याला उदबत्ती ओवाळून डिफ्रॅग लावायचा. विस्कटलेलं पुन्हा ओळीनं लागायचं. डिस्क दिवसभर आतल्या आत खरखर करायची, आणि ती खरखर ऐकत तो बसायचा, जसं कुणी शेजारच्या खोलीत काहीतरी आवरतंय.

शेजारच्या खोलीत आवरणारं कुणी नव्हतं, ही गोष्ट इथंच सांगून टाकलेली बरी. मुलगी सृष्टी दहावीला चांगली निघाली. मग आमच्याकडं जे होतं तेच झालं. लेकरू शिकायला निघतं तेव्हा एकटं निघत नाही, आख्खा स्वयंपाक निघतो. बायको उमादेवी पोळपाट-लाटणं घेऊन सृष्टीबरोबर लातूरला गेली, क्लाससाठी. दोन वर्षांचा प्रश्न आहे असं ठरलं होतं. दोन वर्षं संपली तेव्हा सृष्टीला नांदेडला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला जागा मिळाली आणि पोळपाट-लाटणं तिकडं गेलं. भीमाशंकर दुकानासाठी मागं राहिला. घरात त्यानं तबकडीचाच नियम लावला: ताट, तांब्या, मिठाची बरणी, अंथरूण, सगळं एका खोलीत हाताच्या अंतरावर, म्हणजे माणसाला पळावं लागू नये. बाकीच्या खोल्या बंद. मांडणी इतकी नामी झाली की दिवसाकाठी उठायचं कारणच उरेना.

दिवाळीला सृष्टी आली ती नवा कॉम्प्युटर घेऊन. तिला कॉलेजातल्या कसल्याशा कामाचा भत्ता मिळाला होता. डबा जेवणाच्या डब्याएवढाच. आत एसएसडी.

"अप्पा, याच्यात तबकडी नाही आणि सुईपण नाही," ती म्हणाली. "नुसत्या चिपा. कुठलंही गाणं कुठंही पडलेलं असू द्या, त्याला सारखंच."

"मग मांडणी?"

"लागत नाही."

"थोडी?"

"अप्पा, मांडणी केलीत तर उलट झिजतंय ते. डिफ्रॅग लावायचं नाही. आणि लाईट जाते तेव्हा बंद पडेल म्हणून ती इन्व्हर्टरची बॅटरी तेवढी बदलून घ्या."

बॅटरी उद्या बदलू म्हणून राहिली. सृष्टीनं सगळा माल जुन्या डिस्कवरून नव्यावर घेतला आणि जुनी डिस्क पिशवीत टाकून नांदेडला नेली. तिला सेमिनारला विषय मिळाला होता: इतकी वेगवान साठवण आली, मग फिरत्या तबकडीसाठी शोधलेल्या मांडणीच्या सगळ्या युक्त्या आता बिनकामाच्या झाल्या का? तिला तपासून बघायला एक खरीखुरी म्हातारी डिस्क हवी होती. घरातच होती.

नवा डबा कामाला लागला आणि दुकानाचं बाकडं रिकामं झालं. पूर्वी सकाळी उसाच्या गाड्या थांबायच्या, चारपाच पेनं एकदम लागायची, सुई बिचारी धापा टाकायची, आणि ड्रायव्हर बाकड्यावर बसून एकमेकांच्या मालकांना शिव्या द्यायचे. आता नवा डबा, नवी पेनं. तंबाखू मळून होईस्तोवर काम तमाम. "झालं?" म्हणून माणूस उठायचा. उठायचा काय, बसायचाच नाही.

बसायचा तो एकटा ईश्वरप्पा. कासारशिरसीच्या रस्त्यावरच्या गावचा, सत्तरीला टेकलेला, स्वतःचा ट्रॅक्टर अजून स्वतः हाकणारा. भीमाशंकर त्याला मामा म्हणायचा. नातं काही नव्हतं, बाकडं होतं.

"भरलं?" ईश्वरप्पा पहिल्यांदा नव्या डब्यापुढं म्हणाला.

"भरलं, मामा."

"मग मला बस कामून म्हनलास?"

"सवयीनं म्हनलो."

"सवयीनं बसतो मग," असं म्हणून तो बसला, आणि बाहेर चालू ठेवलेल्या ट्रॅक्टरच्या डिझेलला परवडेल त्यापेक्षा जास्त वेळ बसला.

ईश्वरप्पाच्या पेनमध्ये गाणी नसत. उसाच्या रांगेत सगळे ट्रॅक्टर छाती फुटेल अशी गाणी वाजवत उभे असायचे, आणि याच्या स्पीकरमधून यायचा घुंगरमाळांचा आवाज. बैल चालल्याचा. रांगेतले ड्रायव्हर म्हणायचे, मामानं ट्रॅक्टरला बैल जुपलेत. "मग? तुमच्यासारखी गाढवं तर न्हाई जुपली," मामा म्हणायचा.

तो आवाज भीमाशंकरनंच काढलेला. काही वर्षांमागं तो मामाच्या गावी भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करायला गेला होता. मंडळ जमेना. ईश्वरप्पा रानातून बैल घेऊन घरी निघाला होता. वजीर आणि पाखऱ्या, देवणी जातीची जोडी. दुसऱ्या दिवशी बिदरकडचा माणूस येऊन त्यांना नेणार होता, कारण ट्रॅक्टर आला होता आणि वैरण दोघांना पुरत नव्हती. ईश्वरप्पा म्हणाला, "येवढं मशीन आनलायसच तर माज्या बैलाचं काढ की." भीमाशंकर रेकॉर्डर धरून बैलांच्या मागं चालला. विहिरीपासून निघून, ओढ्याच्या फरशीवरून, जिथं खुरांचा आवाज बदलतो, मग पांदीच्या गाडीवाटेनं देवळापर्यंत, तिथं ईश्वरप्पानं जाता जाता घंटा वाजवली, आणि देवळापासून घराच्या दारापर्यंत. दारात मामी, साखराबाई, पाण्याची बादली घेऊन उभी होती. ती बैलांना म्हणाली, "आलाव का रे लेकरांनो." बादलीच्या कडीचा आवाज, पाणी पिल्याचा आवाज, मग घुंगरं हळूहळू थांबतात. तिथं रेकॉर्डिंग संपायचं. दर सीझनला मामाचं पेन मोडायचं आणि दर सीझनला भीमाशंकर तेच पुन्हा भरून द्यायचा. त्याची जागा डिस्कच्या बाहेरच्या कडेला, सगळ्यात मानाची. मागणी एकाच माणसाची होती, पण मांडणी करणाऱ्याच्या मर्जीचा काही भाग असतो.

तर, दिवाळीनंतरची अमावस्या आली. दुकानात कुणी नाही. नवा डबा आवाज करत नाही; चालू आहे का बंद, हे बघायला दिवा बघावा लागतो. दुपारपर्यंत भीमाशंकर बसला. मग त्याला करमेना. त्यानं खणातून डिफ्रॅगचं जुनं सॉफ्टवेअर असलेलं पेन काढलं, डब्याला उदबत्ती ओवाळली आणि डिफ्रॅग लावलं. बापानं लेकीचं ऐकू नये असं नव्हतं. त्याला फक्त कुणीतरी आवरतंय असं वाटायला हवं होतं. नवा डबा त्याही वेळी गप्पच राहिला. आवरणं अर्ध्यावर असताना लाईट गेली. बॅटरी उद्या बदलायची होतीच. लाईट आली तेव्हा डब्यानं तो इंग्रजी प्रश्न विचारला, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

सृष्टीला लगेच फोन करायला हवा होता. त्यानं फोन केलाही, पण रोजच्यासारखा. "जेवलात का?" "जेवलो." "दुकान?" "जोरात." उमादेवी मागून ओरडली, "भाजी कशाची केली विचार." "वांग्याची," तो म्हणाला. केली नव्हती. एकदा वांगं खोटं सांगितलं की डिस्कचं खरं कुठून निघणार? शिवाय त्यानं मनाशी हिशेब लावला होता. गाणी उदगीरच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडनं परत भरून आणता येतील, आणली. बैलांचा आवाज मामाच्या पेनवर आहे, तो मामा आला की उतरवून घेऊ. आणि जुनी डिस्क सृष्टीकडं आहेच. असे दिवस गेले, आठवडा झाला, वर चारदोन दिवस झाले.

मग ईश्वरप्पा आला. त्यानं रुमालातून पेन काढून काउंटरवर ठेवलं. पेन मधनं मोडलं होतं. आतली चिप चिरली होती.

"पाना पडला त्याच्यावर," तो म्हणाला. "भर दुसरं. येळवस जवळ आली. औंदा म्या ठरिवलंय, जेवनाच्या आधी रानात लावायचं. बैलानं तेवडं रान कसलं, त्यांचं बी आवतन पायजे का न्हाई?"

येळवस म्हणजे आमच्या भागातली मार्गशीर्ष अमावस्या. त्या दिवशी गाव रिकामं होतं आणि सगळी माणसं रानात जाऊन कडब्याच्या खोपीत पाच दगडांचे पांडव मांडून पुजतात, डाळी-भाज्यांची भज्जी खातात आणि ताकाची आंबील पितात. ज्याला रान नाही त्यालाही कुणीतरी बोलावतंच. भीमाशंकरला रान नव्हतं. त्याला दर वर्षी ईश्वरप्पा बोलवायचा, आणि वर्षातलं त्याचं चार माणसांत बसून झालेलं जेवण ते तेवढंच.

"काय रे? गप कामून?"

"येळवशीला घेऊन येतो, मामा."

"आता भर की. तुजं ते नवीन तर लगीच भरतंय."

"नवीनच जरा..."

ईश्वरप्पानं डब्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "गेलं का काय?"

"न्हाई न्हाई. लेकीकडं हाय."

मामा त्या दिवशी बसला नाही. तो गेल्यावर भीमाशंकरनं नांदेडला फोन लावला आणि अमावस्येपासूनचं सगळं सांगितलं, वांग्यासकट.

"सृष्टी?"

"अप्पा, जुनी मी पुसली."

"कधी?"

"रविवारी. सगळं नव्यावर आहे म्हणून पुसली. त्याच्यावर माझी चाचणी चालू आहे. थांबा, बंद करते आधी." खटाखट आवाज आला. "बंद केली. आता त्याला कुणी हात लावायचा नाही."

"म्हंजे अमावस्येलाच सांगितलो असतो तर?"

"तेव्हा मी पिशवीतनं काढलीसुद्धा नव्हती," सृष्टी म्हणाली. बोलून गेल्यावर तिलाच वाईट वाटलं असावं, कारण तिनं लगेच विचारलं, "जेवलात का?"

दुसऱ्या दिवशी भीमाशंकरनं शटर ओढलं आणि एसटीनं लातूर, अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठलं. मुलींच्या खोल्यांची ती इमारत भाग्यनगरच्या पाठीमागं. जिन्याखाली पाटी होती: पुरुषांना मुक्कामास परवानगी नाही. घरमालकीण भली बाई, पण नियम म्हणजे नियम. बाप झाला म्हणून काय, बापसुद्धा पुरुषच. त्यामुळं लग्नाच्या बायकोकडं भीमाशंकर नेहमी सकाळच्या गाडीनं यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं जायचा, विमा एजंटासारखा.

उमादेवीच्या हाताला उसंत नव्हती. इमारतीतल्या मुलींना तिच्या हातची भाकरी आवडली, आणि आता ती बाराचौदा मुलींचे डबे करत होती. खोलीत टॉवेल अडकवायला दोन खिळे होते, दोन्हींवर टॉवेल होते. भीमाशंकरनं आपला टॉवेल मांडीवरच ठेवला. चहाला साखर कुठं आहे ते त्यानं दोनदा विचारलं.

"तुमाला निलंग्यात सगळं बसल्या जागी लागतंय," उमादेवी म्हणाली. "हितं उठावं लागंल."

सृष्टीनं जुनी डिस्क जोडली. खरखर सुरू झाली. भीमाशंकरच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून उमादेवीनं लाटणं थांबवलं. "बघ," ती लेकीला म्हणाली, "मला बघून येवढं हसले न्हाईत."

शोध लांबणारा होता. सृष्टी पडद्यापुढं बसून राहिली, आणि बाप तिच्यामागं, नापास झालेल्या पोराच्या पालकासारखा.

"तुझ्या सेमिनारचं काय निघालं?" त्यानं विचारलं. "मांडणी लागते का नाही?"

"या जुन्यावर माझ्या चाचणीच्या फाईली तुमच्यासारख्या ओळीनं मांडून बघितल्या मी, मग विस्कटून बघितल्या. विस्कटल्यावर तेच काम करायला कैकपट वेळ लागला. मग कॉलेजातल्या एसएसडीवर दोन्ही करून बघितलं, ओळीनं आणि विस्कटून. जवळजवळ सारखं."

"म्हंजे माझं सगळं फुकट."

"सुईसाठी जे होतं ते फुकट. सगळं सुईसाठी नव्हतं ना, अप्पा. एक फाईल शंभर ठिकाणी तुकड्यांत असली तर कुठला तुकडा कुठं याची यादी ठेवावी लागते. नव्यालाही तेवढं ओझं होतंच. आणि लिहायचं तर चिल्लर लिहिण्यापेक्षा मोठ्यामोठ्या तुकड्यांत लिहिलेलं त्यालाही सोसतं. मॅडम म्हणतात, हो किंवा नाही असं एकच उत्तर लिहू नको. कुठली युक्ती कशासाठी होती ते आधी सांग, मग ती फेक किंवा ठेव."

"आणि मी जे 'हो' दाबलो ते?"

"ते जुन्याचं ज्ञान नव्याला लावलंत. जुन्यात नाव पुसलं तरी माल राहतो. नव्याला नाव पुसलं असं कळलं की तो स्वतःच खोली धुऊन काढतो, पुढच्याला रिकामी मिळावी म्हणून. गुणाचं पोर आहे ते. जरा जास्तच."

भीमाशंकर यावर हसला. मग म्हणाला, "त्यात नाव पुसल्यावर कुणी वाटच बघत नाही म्हण की."

सृष्टीनं मागं वळून त्याच्याकडं बघितलं, पण तेवढ्यात पडद्यावर काहीतरी आलं.

फाईलीचं नाव नव्हतं. यादी पुसली गेली होती. कुठलं कुठं होतं ते सांगणारं काही नव्हतं. पण भीमाशंकरनं अमावस्येमागून अमावस्येला ती फाईल सलग, एका पट्ट्यात बसवत आणली होती, म्हणून सुरुवात सापडली तिथून पुढं नुसतं वाचत जायचं होतं. विस्कटलेली असती तर तुकडे शोधून जोडणं झालं नसतं. "हे तुझ्या सेमिनारात घालशील का?" भीमाशंकरनं विचारलं. "घालते," सृष्टी म्हणाली, "पण कुणी यासाठी मांडणी करत नाही, अप्पा. हे नशीब आहे."

त्यांनी लावलं. उमादेवी हात पुसत येऊन बसली. विहिरीपाशी घुंगरं हलली. बैल निघाले. फरशीवर खुरांचा आवाज बदलला, खाली पाणी ऐकू आलं. मध्येच कुणीतरी खोकलं.

"हे तुमी," उमादेवी म्हणाली.

"कशावरून?"

"मला न्हाई कळायचं तर कुणाला. तवापासनं हाय खोकला? कुणाला दाखिवलाव का?"

"धूळ होती पांदीला," तो म्हणाला.

देवळाची घंटा वाजली. घंटेचा आवाज विरत गेला, घुंगरं चार पावलं पुढं गेली, आणि कर्कश फरफर सुरू झाली. सृष्टीनं आवाज बंद केला. पुढच्या जागेवर तिच्या चाचणीच्या फाईली बसल्या होत्या. पहिल्या दिवसाच्या नाहीत. त्या दूर कुठंतरी होत्या. शेवटच्या दोनतीन दिवसांच्या.

"पुढचं?"

"पुढचं त्याच्याखाली गेलं, अप्पा. वर लिहिल्यावर मग जुन्यातही राहत नाही."

त्या दिवशी वांग्याऐवजी खरं सांगितलं असतं तर बैल घरी पोचले असते, हे खोलीतल्या तिघांनाही कळलं होतं. उमादेवीनं त्याला जेवायला वाढलं, वांग्याचंच, आणि त्यावरून टोमणा मारला नाही, हे फार झालं. संध्याकाळी ती जिन्यापर्यंत सोडायला आली. पाटीच्या खाली उभी राहून म्हणाली, "पोचल्यावर फोन करा. आन् काय खाल्लं ते खरं सांगा."

येळवशीला निलंगा सकाळीच ओस पडलं. भीमाशंकर नवं पेन खिशात घालून मामाच्या रानात गेला. खोप उभी होती, पांडव चुन्यात न्हाले होते, आंबिलीचं मडकं गार पाण्यात होतं. सोयरेधायरे, लेकरंबाळं. ईश्वरप्पानं कुणाला ताटावर बसू दिलं नाही. ट्रॅक्टर खोपीजवळ आणून उभा केला, पेन लावलं आणि आवाज मोठा केला.

घुंगरं हलली तशी लेकरं गप्प झाली. बैल जिथून निघाले होते ती विहीर समोरच होती. फरशी आली. खोकला आला, तेव्हा दोघातिघांनी भीमाशंकरकडं बघितलं. पांद सरली, घंटा वाजली. साखराबाई हातात आंबिलीचा तांब्या घेऊन उभी होती, आपलं बोलणं आता येणार म्हणून जराशी लाजून, पदर नीट करून. चार पावलं झाली आणि स्पीकर गप्प झाला. फरफर सृष्टीनं कापून टाकली होती.

ईश्वरप्पानं बटण दाबून बघितलं. पुन्हा दाबलं.

"घर कुटं हाय?" त्यानं विचारलं.

"तिथवर निघालं न्हाई, मामा," भीमाशंकर म्हणाला. "माझ्यामुळं गेलं. वेळेवर फोन केलो न्हाई लेकीला."

"म्हंजे बैलं देवळापाशीच हायत."

"हाव."

ईश्वरप्पा ट्रॅक्टरच्या चाकाला हात लावून उभा राहिला. त्याला राग आला असता तर भीमाशंकरला बरं वाटलं असतं. साखराबाईनं तांब्या खाली ठेवला. "उपाशी नका ठिवू मानसाला," ती म्हणाली. "बसा आता." ती बैलांना म्हणाली होती तसलं काही बोलली नाही, आणि बोल म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

भीमाशंकर पंगतीत बसला. भज्जी दर वर्षीसारखीच होती. बाजूला बसलेल्यांनी उसाच्या भावाचं काढलं, आणि त्यानंही मान हलवली. दरसाल मामा त्याच्याशेजारी बसायचा. औंदा तो खोपीच्या त्या बाजूला बसला होता, देवळाकडं तोंड करून.

दिवस मावळायच्या आत भीमाशंकर परतला. गाव अजून रानातून आलं नव्हतं. त्यानं दुकान उघडलं. जुनी डिस्क सृष्टीनं परत दिली होती. ती त्यानं कापडात गुंडाळून काउंटरखाली ठेवली, कशाला न जोडता, कारण आता तिच्यावर कुणी काही लिहायचं नव्हतं. नवी बॅटरी बसवली होती. डब्याचा दिवा लागला होता. उमादेवीचा फोन आला आणि त्यानं काय खाल्लं ते खरं सांगितलं.

उसाचा सीझन पुढं चालू राहिला. मामाचा ट्रॅक्टर रोज दुकानावरून जातो. आधी विहीर, मग फरशी, मग पांद, मग घंटा आणि चार पावलं. मग रिकामं, आणि पुन्हा विहीर. तो थांबत नाही, उसाची खेप असते. एके दिवशी मात्र त्यानं दुकानापुढं वेग कमी केला आणि सीटवरून वाकून बोलला.

"भिमा, देवळापासनं दारापत्तोर तुज्याकडं राह्यलं बग."

"हाव, मामा," भीमाशंकर म्हणाला. "राह्यलं."

"राहू दे ध्यानात," म्हणून ईश्वरप्पानं गिअर टाकला. बाकडं रिकामं होतं, त्याच्याकडं त्यानं एकदा बघितलं. घंटा वाजली तेव्हा ट्रॅक्टर बसस्टँडच्या कोपऱ्यावर पोचला होता.